घरच्या घरी बॅटरी बँक: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) आठ सेल (३.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास) आणि १०० अँपिअरचं बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवून गरज पडल्यास बॅटरी तोडणारं सर्किट) आणून ठेवलंय. इन्व्हर्टर २४ व्होल्टचा, १ केव्हीएचा आहे. चार पंखे, आठ एलईडी, टीव्ही आणि राउटर चालवायचे आहेत. किती तास चालतील, आणि जोडणी कुठून सुरू करू?
*— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर*

उत्तर : आधी हिशेब. आठ सेल एकापुढे एक जोडले की २५.६ व्होल्ट होतात, म्हणजे २५६० वॅट-तास. त्यातले नव्वद टक्केच वापरायचे, आणि इन्व्हर्टर स्वतःसाठी दहा-बारा टक्के खातो. हातात उरतात साधारण २००० वॅट-तास. साधे पंखे ७० वॅटचे धरले तर तुमचा एकूण भार ४४० वॅटच्या आसपास जातो, म्हणजे साडेचार तास. चारही पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केलेत तर तीच बॅटरी सात तास ओढेल. आणखी सेल घेण्याआधी पंख्यांचा विचार करा, तो स्वस्त पडतो.

आता जोडणी. हातातली अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पान्याला टोक सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळा. २६ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात. पण या आठ सेलांचा थेट शॉर्ट झाला तर तीन-चार हजार अँपिअर वाहू शकतात आणि पाना जागेवरच वितळतो.

पहिलं काम सेल एका पातळीवर आणण्याचं. आठही सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टवर भरायचे, ही पद्धत बरोबर आहे. पण ८०० अँपिअर-तासांचा तो साठा १० अँपिअरच्या पुरवठ्याने भरायला दोन-तीन दिवस लागतात, आणि कंटाळून कुणीतरी व्होल्टेज वाढवून ठेवतं. तिथेच सेल फुगतात. म्हणून आधी बीएमएस लावून मालिकेतच जवळजवळ पूर्ण भरा, मग सोडवून समांतर करा. राहिलेलं काम काही तासांत उरकतं. पुरवठ्याचं व्होल्टेज सेल जोडण्याआधी ३.६५ वर बांधून घ्यायचं, जोडल्यावर त्याला हात लावायचा नाही.

सेलचं कवच ॲल्युमिनियमचं असतं आणि त्यावरची निळी पन्नी कागदाइतकी पातळ. दोन सेलांमध्ये इपॉक्सी ग्लासची पट्टी हवीच. टर्मिनल आणि बसबार (सेल जोडणारी धातूची पट्टी) बारीक पॉलिश पेपरने घासा, लगेच जोडा. नट किती आवळायचा ते सेलच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. एम६ ला बहुतेक ४ ते ६ न्यूटन-मीटर. दणकून आवळला की ॲल्युमिनियमचे आटे जातात, सैल राहिला की तिथेच तापतं. टॉर्क पाना शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून तासाभरासाठी आणा, लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) क्रिंप करायचं, म्हणजे दाबून बसवायचं, कामही तिथेच हायड्रॉलिक प्रेसवर करून घ्या. पक्कडीने दाबलेला लग हातात घट्ट वाटतो, ४० अँपिअरवर तापतो.

बीएमएसच्या बारीक वायरी नऊ असतात. पहिली वजा टोकाला, मग एकेका सेलच्या अधिक टोकाला, क्रमाने. कनेक्टर बीएमएसमध्ये खुपसण्याआधी मल्टिमीटरची काळी पिन पहिल्या वायरीवर ठेवून पुढच्या मोजा: ३.३, ६.६, ९.९ असं चढत २६.४ पर्यंत जायला हवं. मध्येच आकडा उडी मारत असेल तर थांबा. बीएमएस जळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

मुख्य वायर तांब्याची, १६ चौरस मिलिमीटर, शक्य तेवढी आखूड. अधिक टोकापासून वीतभर अंतरात ६३ अँपिअरचा एचआरसी (शॉर्टचा मोठा प्रवाह तोडू शकणारा) फ्यूज, ज्याच्या अंगावर डीसी व्होल्टेज छापलेलं आहे असा. गाडीतला पट्टी फ्यूज साधारण हजार अँपिअरपर्यंतच तोडू शकतो. त्यापुढे तो वितळतो, पण आतली ठिणगी विझत नाही. शेवटची जोडणी करताना इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे असतात, म्हणून मोठी ठिणगी उडते. ३३ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर चार-पाच सेकंद मध्ये धरा, मग थेट जोडा.

आणि चार्जिंग. ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरीसाठीचा इन्व्हर्टर २९ व्होल्टच्या वर जाऊ शकतो. तुमची कमाल मर्यादा २९.२. सेटिंग बदलता येत असेल तर २८.४ ठेवा आणि फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचं व्होल्टेज) २७. बदलता येत नसेल तर हा इन्व्हर्टर या सेलांसाठी नाही. बीएमएस रोज ‘वाचवतंय’ म्हणून चालवून घेऊ नका, ते शेवटचं कुलूप आहे.

प्रश्न : वायरमन म्हणतात, बॅटरीला घरातलाच एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) चालतो. खरं का?
*— राजारामपुरी*

उत्तर : नाही. घरचा ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. ‘डीसी’ असं छापलेलाच एमसीबी घ्या, आणि त्यावर अधिक-वजा खुणा असतील तर उलटा लावू नका; उलटा लागला तर चुंबक ठिणगी विझवणाऱ्या कप्प्याकडे ढकलण्याऐवजी तिला उलट दिशेला नेतो. फ्यूज मात्र तरीही लागतोच. एमसीबी हा सोयीचा स्विच समजा.

प्रश्न : दोन वर्षांची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर आहे. तिच्याशी नवी बॅटरी समांतर जोडली तर?
*— मंगळवार पेठ*

उत्तर : जुनी नवीला ओढून खाली आणेल. चार्ज होताना दोघींना वेगवेगळं व्होल्टेज हवं असतं, त्यात एक उपाशी राहते किंवा दुसरी उकळते. लिथियमशी जोडण्याचा तर विचारच नको.

प्रश्न : आमचं घर शुक्रवार पेठेत, २०१९ आणि २०२१ ला खालच्या मजल्यात पाणी आलं. बॅटरी कुठे ठेवू?
*— वाचक*

उत्तर : वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीत नाही आणि जिन्याखालीही नाही. जिना हाच बाहेर पडायचा रस्ता असतो. एका ट्युब्युलरचं वजन पन्नास किलोच्या वर जातं, म्हणून जुन्या माळवदावर ठेवायची तर भिंतीलगत, तुळईवर. तिच्यातून चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला की पेट घेतो. तो वर जातो, म्हणून झरोका छताजवळ हवा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. तळमजल्यावर बॅटरी असेल तर ३९ लाच आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी स्विच, मग फ्यूज काढून खिशात. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून पुन्हा लावू नका. बाहेरून कोरडी दिसली तरी बीएमएसच्या पट्ट्यांवर गाळाचा थर राहतो आणि गंज आठवड्यांनी शॉर्ट करतो. ती घराबाहेर, भिंतीपासून दूर ठेवून ई-कचरा घेणाऱ्याच्या ताब्यात द्या.

प्रश्न : इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) सारखा पडतो.
*— शाहूपुरी*

उत्तर : जुन्या घरांत सगळ्या खोल्यांचा न्यूट्रल एकच असतो. इन्व्हर्टरच्या फेजवरचा पंखा परतीचा प्रवाह मेनच्या न्यूट्रलवरून पाठवतो, आरसीसीबीला ती गळती वाटते. तो काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इन्व्हर्टरवर जेवढे पॉइंट आहेत, त्यांचा न्यूट्रल बोर्डापासून वेगळा ओढून घ्या आणि त्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी लावा. इन्व्हर्टरचं आउटपुट दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने भिंतीच्या सॉकेटमध्ये घालणारेही भेटतात. त्याने वीज उलटी खांबावर जाते, आणि वर काम करणारा लाइनमन लाइन बंद आहे असं समजून तारेला हात घालतो.