चेहऱ्याची दुरुस्ती म्हणजे चैन नव्हे

प्रश्न : ताई, मी सैन्यात आहे. दीड वर्षापूर्वी स्फोटात चेहऱ्याची डावी बाजू भाजली. जखमा भरल्या, पण खालची पापणी ओढली गेलीय, डोळा पुरता मिटत नाही. ओठाचा कोपराही आखडलाय. सर्जन म्हणतात, प्लास्टिक सर्जरी करू, खर्च सैन्यदल करेल. पण त्याच स्फोटात माझ्या मित्राचा पाय गेला. त्याच्यासमोर मी चेहऱ्याचं काय घेऊन बसू? त्यात भाऊ म्हणतो, 'एवीतेवी ऑपरेशन होतंय, तर जन्मापासूनचं वाकडं नाकही सरळ करून घे.' ते ऐकून तर लाजच वाटली. नको म्हणून सांगू का?

उत्तर : नाही, मुळीच नको म्हणू नका. डोळा मिटत नाही हे तुम्ही ओघात लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. झोपेतही उघडा राहणारा डोळा कोरडा पडतो, बुबुळाला जखम होते आणि ती चिघळली तर नजर जाऊ शकते. ओठ आखडला की पेला तोंडाला लावला तरी पाणी ओघळतं, शब्द नीट फुटत नाहीत. याला नटणं कोण म्हणेल?

मित्राला कृत्रिम पाय बसवताना 'हे कशाला?' असं तुम्ही विचारलं असतं का? तुम्ही ऑपरेशन नाकारलंत म्हणून त्याच्या पदरात काही जास्त पडणार नाही.

आधुनिक प्लास्टिक सर्जरी वाढलीच मुळी सैनिकांच्या जखमांवर. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या जटलंडच्या सागरी लढाईत वॉल्टर यो या ब्रिटिश खलाशाच्या पापण्या गेल्या. पुढच्या वर्षी हॅरॉल्ड गिलीज या सर्जननी त्याच्याच अंगावरची कातडी वळवून चेहऱ्यावर बसवली. तेव्हा पेनिसिलिनसुद्धा नव्हतं! सेवेत गेलेलं जमेल तेवढं भरून देणं हे सैन्यदलाचं कर्तव्यच आहे, आणि तो खर्च घेताना तुम्ही कुणाचे मिंधे होत नाही.

नाकाचं वेगळं. इजेनंतरची दुरुस्ती आणि केवळ रूपासाठीचं ऑपरेशन यांत नियम सहसा फरक करतात, रूपासाठीच्या ऑपरेशनचा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. पण श्वास अडत असेल तर तसं सर्जनना जरूर सांगा, मग तो उपचाराचा भाग ठरू शकतो. नुसतं सरळ नाक हवंसं वाटलं तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त तो निर्णय नंतर, सावकाश घ्या.

होकार देण्याआधी विचारून घ्या : ऑपरेशनं किती टप्प्यांत, रजा कशी धरणार, वैद्यकीय श्रेणीवर, म्हणजे सैन्यातल्या तुमच्या तंदुरुस्तीच्या दर्जावर, काय परिणाम, निवृत्तीनंतर उरलेले टप्पे कोण करणार. उत्तरं लेखी मागा. आधीचा चेहरा जसाच्या तसा परत मिळत नाही, हेही घरच्यांसमोरच सर्जनकडून ऐका, म्हणजे अपेक्षा सगळ्यांच्याच आवाक्यात राहतील.

आणि ऑपरेशनची तारीख लागेपर्यंत डोळा तसाच ठेवू नका. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा, रात्री लावायचं मलम विचारा. दुखायला लागला, लाल झाला किंवा धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी जा.