चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा घेऊन सिंगापूरला जावं का? सासूबाई म्हणतात, मुलांना काही आठवणार नाही, पैसे पाण्यात जातील. हा तुमचा प्रश्न.

आमची लेक साडेचार वर्षांची आणि धाकटा एकवीस महिन्यांचा असताना आम्ही पुण्याहून सहा दिवसांसाठी गेलो होतो. हेच वाक्य आमच्याही घरी ऐकून झालं होतं. धाकट्याला आज खरंच काही आठवत नाही. पण मला आठवतं ना!

तेव्हा जा, आणि शक्यतो मुलगा दोन वर्षांचा व्हायच्या आत जा. तोवर त्याला वेगळी सीट लागत नाही, मांडीवरच्या बाळाचं तिकीट बरंच स्वस्त पडतं. मात्र परतीच्या तारखेआधी दोन वर्षं पूर्ण होत नाहीत ना, ते बघा.

आमची खरी फजिती झाली ती घड्याळाने. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मी मोठ्या हुशारीने पहिल्याच सकाळी साडेआठला मंडाईचं प्राणिसंग्रहालय गाठायचं ठरवलं (हो, नाव आपल्या मंडईसारखंच आहे). त्यासाठी मुलांना तिथल्या सातला उठवलं, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. जिराफासमोर दोघांनी मिळून भोकाड पसरलं आणि पाऊण तासात आम्ही परत.

दुसऱ्या दिवसापासून मुलांचं घड्याळ पुण्याचंच ठेवलं. उठायचं तिथल्या साडेनऊला, बाराच्या आसपास बाहेर पडून जवळचं एकच ठिकाण, तीन ते साडेपाच हॉटेलवर झोप, मग रात्री अकरापर्यंत भटकंती. दुपारी बाहेर नुसता घाम निघतो, त्यामुळे काही बुडत नाही. नाईट सफारीच्या ट्राममध्ये रात्री नऊला दोघंही टक्क जागे, कारण त्यांच्या पोटातल्या घड्याळात जेमतेम साडेसहा झाले होते! पाच-सहा दिवसांसाठी मुलांची वेळ बदलायच्या भानगडीत पडूच नका.

रात्रीचं विमान घेतलंत तर सकाळी उतराल आणि खोली मिळेल दुपारी तीनला. झोपाळू पोरं, बॅगा आणि हॉटेलची लॉबी, असे पाच तास आम्ही काढलेत. आदल्या रात्रीपासून खोली बुक करा. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको.

फिरायला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, उत्तम. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट नाही, स्टेशनांवर लिफ्ट आहेत, बसमध्येही स्ट्रॉलर न मिटता नेता येतो. गाडीचं मात्र लक्षात ठेवा. १.३५ मीटरपेक्षा बुटक्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे. टॅक्सीला त्यातून सूट आहे, अ‍ॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही.

युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कचा आग्रह या वयात धरू नका, मोठ्या राइडना उंचीची अट असते. आमची मुलं सगळ्यात जास्त रमली ती गार्डन्स बाय द बेच्या चिल्ड्रन्स गार्डनमध्ये, पाण्याच्या फवाऱ्यांखाली. तेही फुकट! तीनदा गेलो. सोमवारी बंद असतं, आणि कपड्यांचा एक जोड जास्त न्या.

जेवणाची चिंता नको. लिटिल इंडियात टेक्का सेंटरला इडली-डोसा मिळतो, आसपासच्या दाक्षिणात्य हॉटेलांत दहीभातही. आम्ही मेतकूट, तुपाची छोटी बाटली आणि नाचणीचं सत्त्व नेलं होतं. बाहेरून साधा भात आणायचा, त्यावर मेतकूट-तूप, की धाकटा खूश.

कागदपत्रांत फार काही नाही. व्हिसा अधिकृत एजंटकडून काढा, मुलांचाही वेगळा लागतो. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येणाऱ्यांचा फॉर्म, ऑनलाइन भरायचं. सरकारी साइटवर ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

आणि बॅगेत खसखस नको! सिंगापूरला ती चालत नाही, दुबईलाही नाही. आईने निघायच्या आदल्या रात्री डिंकाचे लाडू करून दिले होते, वर भरपूर खसखस. शेवटी तो डबा मुंबईला सोडायला आलेल्या गाडीवाल्या दादांच्या घरी गेला. आईला आम्ही सांगितलं, मुलांनी दोन दिवसांत संपवले.