क्वीन माउंटनला निघण्याआधी

प्रिय भाचीस,

अनेक आशीर्वाद.

राजगड-तोरणा केलेल्या मुलीला डोंगर चढायला मी काय शिकवणार! पण सह्याद्रीत वाट चुकली तरी एखादी ढोरवाट सापडते, खाली वाडीतलं घर दिसतं, गडावर पाण्याचं टाकं असतं. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या वाळवंटात यातलं काही नाही. शेजारच्या रायन माउंटनला आखलेली वाट आहे, क्वीनला माथ्यापर्यंत नेणारी नाही. तासाला मैलभर अंतर कापलंत तरी भरपूर.

खरी गोम उतरताना आहे. चढताना डोंगराची कुठलीही सोंड धरली तरी ती वर वरच नेते. उतरताना त्याच सोंडांना फाटे फुटत जातात आणि चुकीचा फाटा धरलात तर भलत्याच ओढ्यात पोचता. गाडी राहते डोंगरापलीकडे. म्हणून चढतानाच अधूनमधून मागे वळून बघ, फोटो काढ. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेव, रेंजचा भरवसा नाही. सॅकमध्ये कागदी नकाशाही असू दे.

कोरडा ओढा उतरायला फार मोह घालतो. मऊ वाळू, सरळ उतार, आणि मग अचानक पायाखाली गुळगुळीत कातळाचा कोरडा धबधबा. जिथून परत वर चढता येणार नाही तिथे घसरत उतरायचं नाही, कारण खाली त्याहून मोठा टप्पा असला तर दोन्हींच्या मध्ये अडकाल.

पाणी माणशी चार लिटर पाठीवर, शिवाय गाडीत वेगळं. नोव्हेंबर ते मार्च हा बरा काळ, पण डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्यामुळे माथा येवो न येवो, एक वाजता परत फिरायचं, हे गाडीतून उतरतानाच सगळ्यांकडून कबूल करून घे. माथा समोर दिसायला लागला की कोणी ऐकत नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. घळीत घसारा असेल तिथे एकाखाली एक चालू नका. दगड सुटला की 'दगड!' म्हणून ओरडायचं, कोणत्याही भाषेत. गाडीची किल्ली कुठे ठेवली आहे ते सगळ्यांना माहीत हवं. हे मुद्दाम लिहितोय.

चोया नावाचं निवडुंग लांबून लोकरीसारखं मऊ दिसतं. जरा धक्का लागला की त्याचं कांडं तुटून अंगाला चिकटतं. ते हाताने ओढू नकोस, हातालाही चिकटेल. मोठ्या दातांचा कंगवा कांड्याखाली घालून झटक्यात उडव, राहिलेले काटे चिमट्याने काढ. ओढ्यांत बाभळीसारखी आकडेदार काट्यांची झुडपं असतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाल. डोळ्यांना दिसत नाही अशा कपारीत हात घालू नकोस. रॅटलस्नेक हा विषारी साप नेहमी शेपटी वाजवून सांगेलच असं नाही. त्या भागात सोन्याच्या जुन्या खाणीही आहेत. तोंडाशी उभं राहूनसुद्धा डोकावायचं नाही.

सिएरा क्लब या तिकडच्या निसर्ग-भटकंती संस्थेची वाळवंटी शिखरांची एक यादी आहे, 1941 पासूनची. तुझे मित्र ती दाखवतील. इतक्यात त्या नादाला लागू नकोस. आधी दोन-चार सोपे डोंगर धडपणे उतरून ये.

कोणत्या बाजूने चढणार आणि गाडी कुठे लावणार ते मला शुक्रवारी कळव. शनिवारी रात्री आठपर्यंत तुझा मेसेज आला नाही तर मी पार्कच्या रेंजरना फोन करणार. तुम्ही तेव्हा कुठे पिझ्झा खात बसला असाल तर मित्रांसमोर होणारी शोभा तुझी तू निस्तर.

तुझा,
मामा