तीस हजार डॉलरचं कर्ज काढण्याआधी पाणी कुठे अडतंय ते बघा

जर्सी सिटीहून एका वाचकांनी विचारलंय: 1926 सालचं दुमजली घर आहे, वाफेवर तापणारं. थंडी सुरू झाली की रात्री पाइपांतून हातोडा मारल्यासारखे आवाज येतात, वरच्या खोलीतला रेडिएटर पाणी थुंकतो, आणि बॉयलर कधी कोरडा पडतो तर कधी काठोकाठ भरतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, सगळं काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) बसवा, 30,000 डॉलर. बँक साडेआठ टक्क्यांनी दहा वर्षांचं होम इक्विटी लोन, म्हणजे घर तारण ठेवून मिळणारं कर्ज, द्यायला तयार आहे. हाताशी अठरा हजार डॉलरचा आपत्कालीन निधी आहे. घ्यावं का?

आत्ता सही करू नका. या कर्जाचा हप्ता महिना सुमारे 372 डॉलर बसतो. दहा वर्षांत जवळपास 44,600 डॉलर जातील, त्यातले साडेचौदा हजारांहून जास्त नुसतं व्याज. आणि तारण तुमचं राहतं घर. एवढं करून नेमकं काय बिघडलंय हे अजून कुणी तपासलेलंच नाही.

तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची असू शकतात: वाफ गार होऊन झालेलं पाणी वेळेवर बॉयलरमध्ये परतत नाही. तुमच्या रेडिएटरला एकच पाइप आहे, असं तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतं. म्हणजे वाफ ज्या वाटेने वर जाते त्याच वाटेने पाणी खाली येतं. कुठे उतार गेला, पाइपाला झोळ पडला, की तिथे पाणी साचतं. मागून वेगात आलेली वाफ त्याला ढकलत नेऊन वळणावर आपटते. तोच तुमचा हातोडा.

आज संध्याकाळी, सगळं गार असताना, थुंकणाऱ्या रेडिएटरवर पाणसळ ठेवा. उतार व्हॉल्व्हच्या बाजूला हवा. नसेल तर पलीकडच्या पायांखाली लाकडी चकत्या सरकवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. अर्धवट उघडा असेल तर येणारी वाफ आणि जाणारं पाणी तोंडातच अडतात. हा खर्च जवळपास शून्य.

बॉयलरच्या पाण्याचं कोडंही याच्याशीच जोडलेलं असावं. जमिनीलगतचा परतीचा पाइप वर्षानुवर्षांच्या गाळाने चोंदला की पाणी मागे तुंबतं. बॉयलरची पातळी खाली जाते, ऑटोमॅटिक फीडर नवं पाणी सोडतो, मग उशिरा परतलेलं पाणी येऊन भर घालतं. दाबही बघून घ्या. घरगुती वाफेला दर चौरस इंचाला दोन पाऊंडांपेक्षा जास्त दाब सहसा लागत नाही. वाटेत एक पाऊंड दाब घटला तर परतीच्या उभ्या पाइपात पाणी सुमारे 28 इंच वर चढतं; तेवढी जागा तिथे आहे का, हे त्या कॉन्ट्रॅक्टरला नक्की विचारा. गाळ काढणं, दाबाचं सेटिंग बदलणं मात्र स्वतः करू नका. वाफेच्या कामाचा अनुभव असलेला परवानाधारक माणूस बोलवा आणि त्याला तपासणीचे वेगळे पैसे द्या. विकायला आलेल्याने फुकट केलेल्या तपासणीवर मी तरी एवढं मोठं कर्ज काढणार नाही. तपासणी आणि दुरुस्तीसाठी दीड हजार डॉलर बाजूला काढा, तेही तुमच्या अठरा हजारांच्या आपत्कालीन निधीतून. निधी यासाठीच असतो.

माझं मत एकाच गोष्टीने बदलेल. दुरुस्तीनंतर चार आठवडे फीडर किती पाणी सोडतो ते लिहून ठेवा. वारंवार भर घालावी लागत असेल तर पाणी कुठेतरी बाहेर जातंय. फरशीखाली गाडलेला परतीचा पाइप गळत असेल तर नवा पाइप टाकून भागेल. कडाक्याच्या थंडीत बॉयलर चालू असताना चिमणीतून पांढरी वाफ भसाभस दिसली तर बहुधा बॉयलरच आतून फुटलाय. मग बदलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेव्हा हीट पंपाचाही विचार जरूर करा. पण निदान तीन कोटेशनं घ्या, आणि त्यात फेडरल टॅक्स क्रेडिट (केंद्र सरकारची करसवलत) धरू नका. घरगुती हीट पंपावरचं ते क्रेडिट 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही.

चार आठवड्यांची नोंद घेऊन परत लिहा. कर्जाचा आकडा तेव्हा ठरवू.