अमीन सयानी गेले आणि आमचे अण्णा गप्प झाले

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही लालबागला राहतो. सासरे ८४ वर्षांचे, आम्ही सगळे अण्णाच म्हणतो, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते, ८२ च्या संपात नोकरी गेली. २१ फेब्रुवारीला टीव्हीवर, रेडिओच्या गीतमालेत गाण्यांचे नंबर सांगणारे अमीन सयानी गेल्याची बातमी लागली तेव्हापासून जेवण अर्ध्यावर आलंय, बोलत नाहीत. सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा या माणसाने डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं आणि आता रेडिओवाल्यासाठी रडतायत. मिस्टर वैतागलेत, म्हणतात ना नात्याचा ना गोत्याचा. तरी त्यांनी हौसेने कारवां, म्हणजे जुनी गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा, आणला, त्यात सयानींच्या आवाजासकट गीतमाला आहे, तर अण्णांनी पाच मिनिटांत बंद केला. दिवसभर जुन्या वह्या काढून बसतात, त्यात दर बुधवारची गाणी नंबरवार लिहिलीयत, अर्ध्या पानांवर अक्षर सासूबाईंचं आहे. आता म्हणतात पत्र लिहायचंय. माणूसच नाही तर कोणाला लिहिणार? डॉक्टरकडे न्यावं का?
– एक सून, लालबाग

उत्तर : डॉक्टरचं आधी सांगते. जेवण असंच राहिलं, झोप उडाली, वजन उतरायला लागलं तर जरूर न्या, वय तसं आहे. पण मला हा आजार वाटत नाही, दुखवटा वाटतो, आणि दुखवट्याला नातंच लागतं असं कुणी सांगितलं?

तुमच्या मिस्टरांना एक सांगा. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री होते केसकर, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची म्हणून आकाशवाणीवर ती जवळजवळ बंदच झाली. मग लोकांनी काटा फिरवला रेडिओ सिलोनकडे. ३ डिसेंबर १९५२ ला गीतमाला सुरू झाली, बुधवारी रात्री आठला. गंमत बघा, सयानी मुंबईचेच, रेकॉर्डिंग इथेच, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून शॉर्टवेव्हवर परत मुंबईत यायची. म्हणजे आपल्याच गावातल्या माणसाचा आवाज समुद्र ओलांडून लालबागला पोचायचा, मध्येच खरखर, मध्येच लांब गेल्यासारखा, की मग कुणीतरी उठून काटा केसभर सरकवायचा. चाळीत ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या दारात सगळे. कुठलं गाणं वरच्या पायदानावर जाणार यावर भांडणं व्हायची, मी लहानपणी पाहिलीयत, आमच्याकडे दोन शेजारी एका नंबरावरून आठवडाभर बोलत नव्हते!

आणि हे नुसतं ऐकणं नव्हतं. सुरुवातीला सात गाणी वाजवून क्रम लावायला सांगायचे, बरोबर आला तर बक्षीस १०० रुपये, आणि पत्रांचे ढीग पडायचे. सयानींची आई कुलसुम सयानी, गांधीजींच्या सांगण्यावरून ‘रहबर’ नावाचं पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढायच्या, त्यात पोरगा मदतीला. साध्या माणसाला समजेल अशी हिंदी तो तिथेच शिकला. बहनो और भाइयो म्हणताना बहनो आधी यायचं हे तुमच्या सासूबाईंच्या नक्की लक्षात आलं असणार.

आता वह्यांचं. सासूबाईंचं अक्षर कुठून आलं ते अण्णांना विचारलंत का? माझा अंदाज सांगू, दुसरी पाळी. साडेतीनला आत गेलेला माणूस बाराला सुटणार, बुधवारी आठला तो साच्यावर, मग घरी कुणीतरी कानाशी रेडिओ धरून नंबर लिहून ठेवायला नको? अण्णा बायकोसाठीच रडतायत असलं मानसशास्त्र मात्र त्यांना ऐकवू नका हं. सयानींसाठीही रडतायत. दोन्ही एकाच वहीत आहे, वेगळं काढायला जाऊ नका.

कारवां परत करू नका. तो का बंद केला ते मला कळतंय, बटण दाबलं की लगेच गाणं, त्याला काय किंमत? आठवडाभर वाट बघायची सवय त्या माणसाला. कपाटात ठेवून द्या आणि बुधवारी बरोबर आठला लावा, तासभर, नवाला बंद. नातवाला वही पेन देऊन शेजारी बसवा, नंबर चुकला की अण्णा आपोआप बोलतील.

पत्र तर लिहूच द्या. शेवटच्या वर्षांत, १९८९ पासून, गीतमाला विविध भारतीवर होती, तेव्हा पत्र विविध भारतीला, बोरिवलीला. श्रोत्यांची पत्रं वाचायची त्यांची जुनी पद्धत आहे. वाचलं तर उत्तम, नाहीतर पोचलं तरी बास. पोस्टकार्ड अजून ५० पैशाला मिळतं, फक्त काउंटरवर मागावं लागतं, पोरं तर बघतच राहतात. चार-पाच आणा, पहिलं खाडाखोडीत जाईल. आणि मजकूर तुम्ही सांगू नका, अण्णा सांगतील तसंच, हिंदी चुकली तरी चुकू दे.