प्लाझ्माच्या लाटेकडे निघालेल्या मुलीस

नागपूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. "सर, किलोमीटरभर लांबीचं यंत्र टेबलावर मावणार असेल तर मला तेच करायचं आहे," असं तू लिहिलंस. कर ना! पण मीटरला अब्जावधी व्होल्टच्या ज्या आकड्यावर तू भाळलीस, तो या विषयातला सगळ्यात सोपा आकडा आहे.

नेहमीच्या त्वरकात, म्हणजे इलेक्ट्रॉनांसारख्या कणांना ढकलून ऊर्जा देणाऱ्या यंत्रात, तांब्याच्या पोकळ्या असतात. दर मीटरला 10 कोटी व्होल्टच्या आसपास गेलं की धातूवर ठिणग्या उडू लागतात, म्हणून ऊर्जा वाढवायची तर यंत्र लांबवावं लागतं. धातूऐवजी प्लाझ्मा घेतला तर? प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू, त्याचे अणू आधीच फुटलेले. त्यात आणखी काय मोडणार? तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी 1979 मध्ये अवघ्या चार पानांत हे मांडलं. लेसरचा आखूड स्पंद प्लाझ्मातून जाताना इलेक्ट्रॉनांना बाजूला सारतो. जड आयन जागचे हलत नाहीत. त्यांच्या ओढीने इलेक्ट्रॉन परततात, भरात पलीकडे निघून जातात, पुन्हा परततात. स्पंदाच्या मागोमाग प्रभाराची लाट धावू लागते ती अशी.

आता वही काढ. दर घन सेंटीमीटरला 10 चा अठरावा घात इतके इलेक्ट्रॉन धर. त्याचं वर्गमूळ घे, 96 ने गुण. हे लाटेचं विद्युतक्षेत्र: मीटरला 96 अब्ज व्होल्ट! लाटेची लांबी जेमतेम 33 मायक्रॉन. बहुतेक पोरं इथेच खूश होऊन वही मिटतात.

तू मिटू नकोस. लाट धावते लेसरच्या समूहवेगाने, म्हणजे स्पंद प्लाझ्मातून ज्या वेगाने सरकतो त्या वेगाने, प्रकाशापेक्षा किंचित हळू. इलेक्ट्रॉन मात्र लवकरच तिच्याहून पुढे सरकतो आणि जिथे लाट त्याला ढकलत होती तिथून जिथे ती त्याला अडवते तिथे पोचतो. मग कमावलेली ऊर्जा परत जाऊ लागते. 0.8 मायक्रॉनचा लेसर असेल तर वरच्या घनतेला हे दोन-तीन सेंटीमीटरमध्येच घडतं. आता घनता दहापट कमी कर. क्षेत्र साधारण तिपटीने घटेल, पण इलेक्ट्रॉनला मिळणारी धाव तीसपटीहून जास्त वाढेल. शेवटची ऊर्जा दहापट! जास्त ऊर्जा हवी तर ढकलणारं क्षेत्र सौम्य करावं लागतं, हे स्वतःच्या हाताने काढून बघितल्याशिवाय पचत नाही. अमेरिकेत बर्कलीला 2019 मध्ये 20 सेंटीमीटरमध्ये 7.8 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट (एक व्होल्ट ओलांडताना इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट) मिळाले, तेही असा विरळ प्लाझ्मा घेऊनच.

आणि एवढं करूनही मी विचारणार तो प्रश्न वेगळाच आहे: बाहेर आलं काय? स्टॅनफर्डच्या त्वरकात 2007 मध्ये 42 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा झोत 85 सेंटीमीटर प्लाझ्मातून पाठवला आणि काही इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दुप्पट झाली. त्या 42 साठी आधी तीन किलोमीटर लागले होते! बातमी तेवढीच झाली. पण दुप्पट झाले ते अगदी थोडे. इथे लेसर नव्हता; झोताच्या पुढच्या भागानेच आपली ऊर्जा लाटेत घातली, ती शेपटाकडच्या मूठभरांना मिळाली.

झोताची परीक्षा होते ती शेवटच्या पडद्यावर. चुंबकातून जाताना कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन जास्त वळतात, जास्त ऊर्जेचे कमी. पुढे चमकणारा पडदा, त्यावर रोखलेला कॅमेरा. 2004 पूर्वी तिथे लांबच लांब फराटा दिसायचा, म्हणजे हरतऱ्हेची ऊर्जा एकत्र. त्या वर्षी ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तीन गटांना फराट्याऐवजी ठिपका मिळाला, तेव्हा कुठे इतरांनी हा विषय मनावर घेतला. ठिपका मिळणं अवघड का? इलेक्ट्रॉन लाटेवर चढतो तो चालत्या बसमध्ये चढणाऱ्यासारखा: आधी तिच्याबरोबर धावावं लागतं, आणि सगळे एकाच क्षणी, एकाच दारातून चढले तरच पुढे एकत्र राहतात. 2021 मध्ये शांघायच्या गटाने अशा झोतातून मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर, म्हणजे नेटक्या इलेक्ट्रॉन-झोतातूनच लेसरचा प्रकाश काढणारं यंत्र, चालवून दाखवला. माझ्या मते ऊर्जेच्या कुठल्याही विक्रमापेक्षा ते काम मोठं.

म्हणून निदानाचं, मोजमापाचं काम शिक. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. पण प्रयोगशाळेत ते जमणाऱ्या माणसावाचून अडतं.

"नागपुरात राहून काय होऊन राहिलंय सर," हेही तू लिहिलंस. एम.एस्सी. पूर्ण होईपर्यंत पुष्कळ होईल. एपॉक, एफबीपिक या प्लाझ्माची नक्कल करणाऱ्या संगणक संहिता फुकट मिळतात. एका मितीतली लाट तुझ्या घरच्या संगणकावर चालेल. (मे महिन्यात तो कूलरच्या झोतासमोर ठेवू नकोस, ओलाव्याने बोर्ड जातो.) प्रत्यक्ष लेसर बघायचा तर इंदूरचं राजा रामण्णा केंद्र जवळ आहे, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि गांधीनगरला प्लाझ्मा संशोधन संस्था आहेच. मुंबई आणि गांधीनगर दोन्हीकडे विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम असतात, त्यांच्या जाहिरातींवर आत्तापासून लक्ष ठेव. अर्जात "मला त्वरकांची आवड आहे" असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. घनता बदलून काढलेला तुझा एक आलेख जोड.

तो आधी मला दाखव. रविवारी सकाळी ये, काकू तर्रीपोहे करणार आहे. आलेखाच्या अक्षांवर एककं लिहिलेली असू देत.

तुझा,
सर