जमीन कुणाचीही असो, मारलेलं डुक्कर सरकारचं

प्रश्न : मी ठाण्याला नोकरीला आहे. धाकटा भाऊ सिंधुदुर्गात गावी शेती बघतो. शिमगा झाल्यावर वाडीतले सहाजण पारधीला गेले. भाऊ हाकाऱ्याला होता. बार चुलतभावाने काढला, काकांच्या शेतीसंरक्षण परवान्यावरच्या बंदुकीने. तिसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली आणि फ्रीजमधलं मटण, बंदूक, भावाची मोटारसायकल घेऊन गेली. आता म्हणतात, ऑफिसात येऊन जबाबावर सही करा, मिटवून टाकू. डुक्कर पडलं ती जागा आमच्या सामाईक सातबाऱ्यातली, असं काका सांगतात. खातं म्हणतं, राखीव वन. डुकरांनी भात-नाचणी शिल्लक ठेवली नाही म्हणून मारलं. भाऊ अडकेल का?

उत्तर : सातबारा काढायला तलाठ्याकडे जायचं असेल तर जा, पण त्याने भाऊ सुटणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ची शिकारबंदी जमीन कुणाची हे बघत नाही. सरकारी रान, खाजगी वन, तुमची परसबाग, सगळीकडे ती सारखीच. जागा राखीव वनात निघाली तर भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ वर चढतं, एवढाच फरक.

‘भाऊ फक्त हाकाऱ्याला होता’ हे तर कुठे बोलूच नका. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं आहे, तसंच फासकी लावणं, आमिष टाकणं आणि जनावर हाकणंही आहे. नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. बचाव म्हणून सांगायला गेलेलं हे वाक्य कबुली ठरेल.

आता पिकाचं. तुमचा राग मी समजू शकतो. एका रात्रीत कळप वाफा नांगरून ठेवतो. पण शेतीसंरक्षणाचा परवाना बंदुकीचा असतो, डुकराचा नाही. रानडुक्कर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११(१)(ब) खाली ते मारायला लेखी परवानगी मिळू शकते, पण आधी कागद, मग बार. मागाहून काढलेली परवानगी चालत नाही. केंद्राने बिहार-उत्तराखंडात काही वर्षांपूर्वी रानडुक्कर उपद्रवी ठरवलं होतं, म्हणजे मारायला मोकळीक दिली होती, तेही ठरावीक जिल्ह्यांत आणि ठरावीक मुदतीपुरतं. त्याचं व्हॉट्सॲपवर फिरणारं पत्र इथे दाखवू नका.

खरी अडचण फ्रीजची आहे. एरवी गुन्हा सरकारने शाबीत करायचा असतो. इथे मांस तुमच्या ताब्यात सापडलं हे एकदा सिद्ध झालं की कलम ५७ नुसार ते बेकायदा असल्याचं गृहीत धरतात आणि उलट शाबीत करण्याचा बोजा भावावर येतो. म्हणून पंचनाम्याची प्रत मिळवा आणि नीट वाचा. मटण किती किलो, पिशवीला सील कुणासमोर लागलं, नमुना तपासणीला कधी गेला, पंच कोण? मांस रानडुकराचं की गावठी, हे प्रयोगशाळेच्या अहवालावर ठरतं, वनरक्षकाच्या नजरेवर नाही.

जबाबाचं मी जरा ठासून सांगतो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे गावात सगळ्यांना पाठ असतं. वनाधिकाऱ्यांना तो नियम लागू होत नाही, असं न्यायालयांनी धरलं आहे. त्यातून सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा खटल्यात वापरता येतो. समन्स आलं तर भावाने जायचं, टाळायचं नाही. पण स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर नाही. न वाचता सही नाही, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. त्याआधी ओरोसला सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८२).

‘मिटवून टाकू’ यात थोडं तथ्य आहे. या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. किमान शिक्षा नसल्यामुळे वन्यजीव कायद्याच्या कलम ५४ खाली रक्कम भरून तडजोड होऊ शकते, कमाल मर्यादा पाच लाख. मात्र तो तुमचा हक्क नाही, अधिकाऱ्याची मर्जी आहे, आणि अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश व पावती हवीच. पावतीशिवाय पैसे मागितले तर ती तडजोड नव्हे, लाच आहे. फासकीत बिबट्या अडकला असता तर हा मार्गच बंद होता : पहिली अनुसूची, किमान तीन वर्षं.

मोटारसायकल खटला चालू असताना सोडवता येते. मधुकर राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा तो अधिकार मान्य केला आहे. बंधपत्र द्यावं लागेल.

बंदुकीचं प्रकरण तडजोडीने मिटणार नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियमाखाली चुलतभावाला किमान दोन वर्षांच्या शिक्षेचं कलम लागू शकतं. काकांवर परवान्याच्या अटी मोडल्याचा ठपका येईल आणि परवानाही जाईल. काका म्हणतील, बंदूक मला न विचारता नेली. चुलतभाऊ म्हणेल, काकांनीच दिली. तुमचा भाऊ दोघांकडे बोट दाखवेल. त्यामुळे घरातले सगळे एकाच वकिलाकडे जाऊ नका. भावाचा वकील वेगळा हवा, आणि हे काकांना आजच फोन करून सांगा.